भिंतीपलीकडे कोण झोपतं

दुकानदाराने काचेच्या फळीवर दोन गोळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. पितळी, करंगळीच्या पेराएवढ्या. एकीचं डोकं गुळगुळीत, दुसरीच्या डोक्यात खळगा. म्हातारा माणूस, हात स्वच्छ, बोलणं हळू. कुठलं मलम कुठे लावायचं ते सांगावं तसं सांगत होता.

"ही सरावाची. सरळ जाते. माणसातून जाते, भिंतीतून जाते, पुढच्या खोलीतही जाते. ही दुसरी आत शिरली की उघडते. बहुतेक वेळा तिथेच थांबते."

मग त्याने खणातून झाडून झालेली एक गोळी काढली आणि अहिल्येच्या तळहातावर ठेवली. खळग्याच्या कडा मागे वळून तांब्याच्या सहा पाकळ्या झाल्या होत्या. अहिल्येला अर्धी उमललेली शेवंती आठवली, आणि तेच का आठवावं म्हणून तिला स्वतःचीच भीती वाटली. तिने ते फूल काचेवर ठेवून दिलं. तळहात जीन्सला पुसला.

"हॉलो पॉइंट," अवधूत म्हणाला. "मी सांगत होतो ना, घरात ह्याच लागतात. सरावाच्या भरून बसलास तर चोर वाचेल आणि शेजाऱ्यांचा फ्रिज जाईल."

अहिल्येचा नवरा, शंतनू, हसला नाही. दोन महिन्यांत तो कशालाच हसला नव्हता. अवधूत त्याचा कॉलेजातला मित्र, नागपूरचा. त्यांच्याच गावात, शॉमबर्गमध्ये, दहा मिनिटांवर राहायचा. ऑफिसातल्या लोकांबरोबर तो दोन वर्षं नेमबाजीला जात होता, म्हणून त्याला सोबत आणलं होतं. शंतनू आणि अहिल्येची ग्रीन कार्डं गेल्या वर्षी आली, आणि बंदूक ठेवायच्या परवान्याची कार्डं गेल्या आठवड्यात. तेव्हाही अवधूत म्हणाला होता, देशात रेशन कार्ड मिळायला इतका वेळ लागतो, इथे बंदूक कार्ड महिन्यात घरपोच.

पिस्तुल घेऊन झालं होतं. गोळ्या ठरायच्या होत्या.

"हातात कुणाच्या असणार?" दुकानदाराने विचारलं.

"हिच्या," शंतनू म्हणाला. "मी दिवसभर ऑफिसात असतो. ही घरी असते, मुलीबरोबर."

म्हाताऱ्याने अहिल्येकडे पाहिलं. मग विचारलं, "घराच्या भिंती कसल्या?"

"टाउनहाउस आहे. जिप्समच्या."

"मग कुठलीही गोळी घ्या, नेम चुकला तर ती भिंत तिला अडवणार नाही. त्या भिंतीपलीकडे कोण झोपतं?"

शंतनूने अवधूतकडे पाहिलं.

"घरी जा," म्हातारा शांतपणे म्हणाला. "कागदावर घर काढा. कोण कुठे झोपतं, कोण कुठून येतं ते लिहा. ह्या बाई कुठे उभ्या राहतील, त्यांचं तोंड कुठे असेल ते काढा. मग या. गोळी त्यावरून ठरते."

"ओके," अवधूत म्हणाला.

आणि अहिल्या काचेपासून एक पाऊल मागे सरकली.

*

ते सप्टेंबरात झालं होतं. गौरी बसल्या होत्या. हॉलमध्ये, फायरप्लेसच्या बाजूला, दोघी बहिणी उभ्या. हिरवी साडी, मोतिया साडी, हातात पाटल्या, गळ्यात पोहेहार. पाटल्या सासूबाईंच्या, त्यांनी लग्नात अहिल्येच्या हातात घातलेल्या. वर्षभर बँकेच्या लॉकरमध्ये अंधारात असायच्या, गौरींसाठी तेवढ्या उजेडात यायच्या. सोनं माहेरी आल्यासारखं दिसायचं.

मंगळवार होता. चार मराठी घरांनी स्वयंपाक वाटून घेतला होता. मंगळवारी अदितीचा, म्हणजे अवधूतच्या बायकोचा. दुपारच्या सुट्टीत अवधूत डबा पोचवायचा. चारही घरांना एकमेकांच्या गराजच्या दाराचा कोड पाठ होता. बेल वाजवायची नाही, पोर झोपलेलं असतं. आत यायचं, ओट्यावर डबा ठेवायचा, रिकामा डबा उचलायचा, जायचं. पाच वर्षं असंच चाललं होतं. कधीकधी अहिल्येला खाली आल्यावरच कळायचं की कुणी येऊन गेलं. आमटी गरम असायची, माणूस गेलेलं असायचं. परदेशात याहून मोठं सुख तिला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी डब्याऐवजी पुरण यायचं होतं. अहिल्या वरच्या बाथरूममध्ये चार वर्षांच्या सईला न्हाऊ घालत होती. खाली दार उघडल्याचा आवाज झाला. तिने नळ बंद केला आणि वरूनच ओरडून सांगितलं,

"पुरण ओट्यावर ठेव रे. मी येतेच."

खालून आवाज आला, "ओके."

तिने नळ पुन्हा सोडला. सईचे केस धुतले, पुसले, वेणी घातली. वीस मिनिटांनी खाली आली तेव्हा ओट्यावर पुरण नव्हतं. गौरी उभ्या होत्या. हात मोकळे, गळे मोकळे, एकीचा पदर खांद्यावरून घसरलेला. मुखवटे तसेच हसत होते.

पाऊण तासाने अवधूत आला, पातेलं घेऊन.

पोलिसांना तिने सांगितलं की पाण्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. शंतनूलाही तेच सांगितलं. एकदा सांगितलं, मग दुसऱ्यांदा तेच सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. आपल्या हातांनी देवीच्या अंगावर घातलेलं सोनं कुणी उतरवत होतं आणि आपण वरून त्याला पुरण कुठे ठेवायचं ते सांगत होतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि तेवढंच नव्हतं. तो आवाज तिला अवधूतचा वाटला होता. तेव्हापासून अवधूत ओके म्हणाला की तिला तो दुसरा आठवायचा. पाच वर्षांचा आपला माणूस, त्याच्या आवाजात कुणीतरी घर करून बसलं होतं.

शंतनूचं सगळं गणित त्या न ऐकलेल्या आवाजावर उभं होतं. चोर निःशब्द येतात, बायकोला कळत नाही, म्हणून बायकोच्या हातात काहीतरी हवं. त्या गणितातली पहिली ओळच खोटी होती, आणि गोळ्या भरल्या जायच्या आत ते त्याला सांगायला हवं होतं. नाहीतर भरलेलं पिस्तुल हातात घेऊन एखाद्या मंगळवारी ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहणार होती.

*

शनिवारची दुपार. बाहेर नोव्हेंबरचा वारा मेपलची उरलीसुरली पानं गोळा करत होता. जेवणाच्या टेबलावर शंतनूने ग्राफ पेपर पसरला. पट्टी, दोन रंगांची पेनं. त्याने भिंती काढल्या, जिना काढला, दारं काढली. हात सराईत होता, रेघ सरळ येत होती.

"आई, तू कुठे झोपतेस?"

शोभनाबाई लसूण सोलत होत्या. शंतनूची आई, ऑक्टोबरात सहा महिन्यांसाठी आलेली. "कुठे म्हणजे? तुला माहीत नाही?"

"मला कागदावर लिहायचंय."

"रात्री खोलीत. त्या मऊ गादीने पाठ धरली की मग इथे खाली, हॉलमध्ये. दुपारी त्या गरम हवेच्या जाळीपाशी. आणि सई रडली की तिच्याकडे."

"म्हणजे चार ठिकाणी."

"झोप काय ठरवून येते का रे?"

शंतनूने चार फुल्या मारल्या. "सई, तू?"

सई टेबलाखाली होती. "I sleep everywhere," ती म्हणाली.

"ती बारा वाजेपर्यंत तिच्या खोलीत असते," अहिल्या म्हणाली. "मग उशी घेऊन फिरते. कधी आपल्याकडे, कधी आईंकडे. परवा जिन्याच्या पहिल्या पायरीवर सापडली."

शंतनूने पायरीवर फुली मारली. पेन तिथे जरा जास्त वेळ टेकलं. मग त्याने शेजारच्या घराची भिंत काढली. त्या भिंतीपलीकडे कोरियन जोडपं राहायचं, जूनमध्ये त्यांना मुलगा झाला होता. त्याचं रडणं भिंतीतून इतकं स्पष्ट यायचं की शोभनाबाईंना त्याच्या भुकेची वेळ पाठ झाली होती. तिथेही फुली.

"शनिवारी अवधूतची मंडळी राहिली तर?" अहिल्येने विचारलं.

"ते नेहमीचं नाही."

"गेल्या महिन्यात तीनदा. दिवाळीत अकरा माणसं होती खाली. ओळीने गाद्या."

जिन्याच्या वरून, जिथे अहिल्या उभी राहणार, तिथून त्याने लाल पेनाने रेघा ओढायला सुरुवात केली. एक गराजच्या दाराकडे. ती जाळीवरून गेली. एक मागच्या दाराकडे. ती हॉलवरून गेली. एक जरा तिरकी. ती शेजारच्या बाळाकडे गेली. त्याने पट्टी फिरवून फिरवून पाहिली. लसूण सोलताना शोभनाबाई स्वतःशीच गुणगुणत होत्या, जात्यावरच्या चालीत:

दारात पाऊल, नका पुसू कोण आलं
जोडव्याच्या नादावरनं लेकीला मी वळखलं

"आई, इथे कार्पेट आहे," शंतनू कागदातून मान वर न काढता म्हणाला. "पाऊल वाजत नाही."

"तेच म्हणते मी. माणूस अंगावर येईपर्यंत कळत नाही. कसली घरं तुमची."

"म्हणून तर हे चाललंय." त्याने गराजच्या दाराशी मोठी फुली मारली आणि शेजारी लिहिलं, चोर. "हा इथून आला, गराज उघडं राहिलं होतं त्या दिवशी. तू वर होतीस. नळ चालू होता. तुला ऐकू आलं नाही. आता समज, ऐकू आलं—"

"ऐकू आलं होतं," अहिल्या म्हणाली.

पट्टी थांबली.

"दार उघडल्याचं ऐकू आलं होतं. मी नळ बंद केला होता. मला वाटलं अवधूत. मी त्याला सांगितलं, पुरण ओट्यावर ठेव."

टेबलाखालून सईच्या खडूची खसखस येत होती.

"आणि?" शंतनूने विचारलं.

"तो ओके म्हणाला."

"कोण म्हणाला?"

"तो. चोर."

शोभनाबाईंच्या हातातली पाकळी खाली पडली. "तू त्याला पुरण ठेवायला सांगितलंस?"

"हो, आई."

"आणि तो हो म्हणाला?"

"हो."

शोभनाबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. अहिल्येला वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या. मग हसता हसताच डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी लसणीच्या हाताने ते पुसलं, त्याने आणखी आलं. "अगं बाई," त्या म्हणत राहिल्या. "अगं बाई माझे."

"आई, तुमच्या पाटल्या—"

"पाटल्या गेल्या, हात राहिले. तुझे पण आणि हिचे पण." त्यांनी टेबलाखाली पाहिलं. "पाटल्यांचं नको सांगूस मला."

शंतनू मात्र पांढरा पडला होता. "दोन महिने," तो म्हणाला. "मी पोलिसांना सांगितलं. सगळ्यांना सांगत फिरलो, बायकोला चाहूलसुद्धा लागली नाही. आवाज तू ऐकला होतास?"

"ऐकला होता."

"कसा होता?"

"अवधूतसारखा."

"म्हणजे कसा? जाड? बारीक? देशी माणूस होता?"

"एका शब्दात काय कळणार? मी त्याला आपला धरला होता, शंतनू. घरातला. म्हणून तो घरातल्यासारखा ऐकू आला."

तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. "सई वर होती. तुला कळतंय का? तो खाली, तू वर, आणि तू त्याला सांगितलंस की मी येतेच. तू खाली आली असतीस तर?"

"कळतंय. रोज कळतं."

"म्हणून तर मी म्हणतोय. पुढच्या वेळी तुझ्या हातात—"

"पुढच्या वेळी काय? खाली दार वाजेल. मी तुझं पिस्तुल घेऊन इथे उभी." तिने कागदावर जिन्याच्या वरच्या टोकाला बोट ठेवलं. "मी विचारीन कोण आहे. खालून ओके म्हणतील. मग मी काय करू ते सांग. त्या दिवशी हातात असतं तरी मी हाकच मारली असती. आणि आता असलं तर त्या ओकेनंतर मी हाक मारणार नाही, चाप ओढीन. आणि मंगळवारी खाली अवधूत असतो."

शंतनूने कागदाकडे पाहिलं. लाल रेघा, फुल्या. त्यात एक माणूस त्याने काढलाच नव्हता, जो दर आठवड्याला गराजमधून यायचा.

"मग कोड बदलू," तो शेवटी म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्याने कोड बदलला आणि तिन्ही घरांना फोन केले. अहिल्या भांडी पुसत ऐकत होती. "नाही रे, तसं काही नाही," तो अवधूतला सांगत होता. "जनरल सेफ्टी. येशील तेव्हा बेल वाजव फक्त."

*

सोमवारी ऑफिसातून येताना शंतनू दुकानात जाऊन आला. खोका लहान होता, वीस गोळ्यांचा. बेडरूमचं दार लावून तो एक एक गोळी मॅगझिनमध्ये दाबत बसला. प्रत्येक वेळी स्प्रिंगचा बारीक आवाज व्हायचा. अहिल्या दाराशी उभी राहिली.

"नकाशा दाखवलास त्याला?"

"दाखवला."

"काय म्हणाला?"

शंतनूने पुढची गोळी उचलली. "म्हणाला, ह्या घरात फार माणसं आहेत."

"आणि तरी दिल्या?"

"मी मागितल्या. उघडणाऱ्या दिल्या. त्यातल्या त्यात." तो तिच्याकडे पाहत नव्हता. "तुला राग आलाय."

"नाही. मला हे शिकवू नकोस, एवढंच."

"आणि मी नसताना कुणी आलं तर?"

तिने खोटं उत्तर दिलं नाही. तो घाबरलेला होता. खाली फुल्या मारताना त्याचा हात पायरीवर थांबला होता, ते तिने पाहिलं होतं. भीतीला समजावता येतं थोडंच. तिला फक्त कुशीवर वळवता येतं. त्याने मॅगझिन पिस्तुलात न घालता वेगळं ठेवलं, पिस्तुल वेगळं, दोन्ही कुलपात, आणि कुलपाचा नंबर तिला सांगायला लागला. ती ऐकून न घेता बाहेर गेली.

*

मंगळवारी सव्वाबाराला बेल वाजली.

अहिल्या वर होती. बेल ह्या घरात इतकी क्वचित वाजायची की सईने विचारलं, "What's that?" अहिल्या जिना उतरली. पुढच्या दाराच्या भिंगातून पाहिलं. अवधूत उभा होता, कोटाची कॉलर वर, हातात डबा. पाहुण्यासारखा, जरा मागे सरकून.

तिने दार उघडलं.

"आत येऊ का?" त्याने विचारलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"ये ना. असं काय विचारतोस?"

"विचारायला सांगितलंय." तो बूट काढायला वाकला, तसाच वाकून बोलत राहिला. "अदिती म्हणाली, आपलं काही चुकलं का. मी म्हटलं, नाही, शंतनू टेन्शनमध्ये आहे. पण यार, फोनवर तो मला असं सांगत होता ना, जसं केबलवाल्याला सांगतात. गोळ्या निवडायला मी लागतो, आणि कोड मला नाही."

"तुला मी सांगते," अहिल्या म्हणाली. "बस."

तो बसला नाही. ओट्याला टेकून उभा राहिला, डबा हातातच. तिने सांगितलं. नळ, दार, पुरण. ओके. सांगताना ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. नजर वळवली असती तर पुढचं वाक्य निघालं नसतं.

"माझा आवाज?" तो म्हणाला.

"तुझा नव्हता. मी तुझा समजले."

"आणि आता मी बोललो की—"

"हो."

त्याने डबा ओट्यावर ठेवला. हळू ठेवायची सवय होती, स्टीलचा आवाज होऊ न देता. आज तो ठेवताना वाजला. बराच वेळ तो झाकणाच्या कडीशी चाळा करत राहिला.

"शंतनूने घेतल्या शेवटी?"

"काल. उघडणाऱ्या."

"चांगल्या आहेत त्या," तो म्हणाला, काहीतरी बोलायचं म्हणून. "भिंतीपलीकडे फारशा जात नाहीत."

"भिंतीअलीकडे तू असतोस, अवधूत."

त्याने मान हलवली. ओठांवर आलेला शब्द त्याने गिळला, तिला ते दिसलं. वरून सई शोभनाबाईंना काहीतरी सांगत होती, शोभनाबाई तिला मराठीत बोल म्हणत होत्या.

"पुढच्या मंगळवारी अदितीला पाठवू?" त्याने रिकामा डबा उचलत विचारलं.

"नको. तूच ये."

"बेल वाजवून."

"बेल वाजव. आणि मी खाली येईपर्यंत दारात उभा राहून बोलत राहा काहीतरी. मोठ्याने. आमटी कशी झालीय, ऑफिसात कोण कुणाला काय म्हणालं, काहीही. मला पुन्हा ऐकायची सवय करायचीय."

अवधूत बूट घालायला वाकला. एक नाडी बांधली, दुसरीशी थांबला. मग वर न बघता, थोड्या चढ्या आवाजात, लाजत सुरुवात केली. "आज वांग्याचं भरीत आहे. अदितीने मिरच्या जास्त घातल्यात. मी सांगत होतो, काकूंना सोसत नाही, पण ती ऐकते कुठे माझं..."

अहिल्या भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत राहिली.